चित्र पुसट, की नजर?

"डॉक्टर, गोळ्या मागनं द्या. आधी सांगा, त्या प्रोजेक्टरमधलं तुमाला काय कळतं का?"

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दवाखान्यात शिरता शिरताच आबांनी हा प्रश्न टाकला. आबा म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. वय बासष्ट, मधुमेह अकरा वर्षांपासून. दर महिन्याला साखर तपासून गोळ्या नेणारे आमचे जुने पेशंट. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने दिवाळीत त्यांना प्रोजेक्टर आणून दिला होता. रहिमतपुरातल्या जुन्या घराच्या माडीवर, पांढऱ्या भिंतीवर शंभर इंची चित्र पडायचे आणि जेवणे उरकली की सगळे घर तिथे जमायचे.

"पहिलं तीन-चार महिनं झ्याक दिसत हुतं बगा," आबा सांगू लागले. "आता पार पुसाट झालंय. साताऱ्याहून मेकॅनिक आणला. त्यानं काच पुसली, पाचशे रुपयं घेतलं आन् मशिनीत दोष न्हाई म्हणून गेला. मी ब्राइटनेस वाढवला की नातू कमी करतोय. रोज रातच्याला तंटा. आता तुमीच सांगा, मशीन खराब का पोरगं आगाऊ?"

मी एवढेच विचारले, "घरातल्या बाकीच्यांना कसं दिसतं?"

"त्यास्नी काय, समद्यास्नी ब्येस दिसतंय म्हणत्यात."

वाचकहो, निम्मे निदान या एका वाक्यात झाले होते. भिंतीवरचे कालनिर्णय काढून मी आबांच्या हातात दिले, जवळचा चष्मा लावायला सांगितला आणि डावा डोळा तळहाताने झाकायला लावला. उजव्या डोळ्याने त्यांनी तारखा घडाघडा वाचल्या. मग म्हटले, आता उजवा झाका. आबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. कालनिर्णय पुढे-मागे करून पाहिले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, ह्या चौकटी वाकड्या छापल्यात का? मधल्या तारखाच गावंनात."

चौकटी सरळच होत्या. आबांच्या पुढच्या हकिकतीकडे शेवटी येऊ. आजचा विषय त्यांच्यामुळे सुचला. अलीकडे आपल्या गावांतही मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर घरोघर येऊ लागले आहेत. चित्र नीट दिसेना की आपण रिमोट उचलतो. तो उचलावाच, त्यात काही चूक नाही. पण रिमोटने काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, हे कळले नाही तर डोळ्याचा आजार महिनोन् महिने त्या बटणांखाली झाकून राहतो.

तंबूतला ऑपरेटर

पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना जत्रेतला तंबू टॉकीज आठवत असेल. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमांवर २०१६ साली 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपटही निघाला आणि तो थेट कान महोत्सवात दाखवला गेला. जुन्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटती ठेवून उजेड मिळवत. कांड्या जळत गेल्या की मधले अंतर वाढे, उजेड मलूल होई आणि तंबूतून शिट्ट्या सुरू होत. ऑपरेटर कांड्या पुढे सरकवी, चित्र पुन्हा लख्ख होई.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. तंबूत चित्र पुसट व्हायचे ते सगळ्यांना एकदम. म्हणून दोष यंत्राचा, हे उघड असे. एकट्याच माणसाने शिट्टी मारली असती आणि बाकीचा तंबू गप्प असता, तर ऑपरेटरने कांड्यांना हात लावला नसता.

आज घरात ऑपरेटर आपणच आहोत. म्हणून पहिले काम हे, की यंत्र एकदा नीट लावून घ्यावे आणि मग त्याला हात लावू नये. यंत्रावर विश्वास बसला की मगच डोळ्याकडे बोट दाखवता येते. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर, तंत्रज्ञ नव्हे. पण खाली दिलेला क्रम घरच्या घरी अर्ध्या तासात जमण्यासारखा आहे.

यंत्र कसे लावावे

पहिले, खोली. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे उजेड पडलेला नाही ती भिंत. खोलीत ट्यूब चालू असेल तर काळ्याचा राखाडी होतो आणि सगळे चित्र धुवून काढल्यासारखे फिके दिसते. म्हणून प्रोजेक्टरच्या वेळी खोली अंधारी हवी. टीव्हीचे उलट आहे. टीव्ही पूर्ण अंधारात पाहू नये, त्याच्या मागच्या बाजूला एक मंद दिवा असावा म्हणजे डोळ्यांवर ताण कमी येतो. भिंत पांढरी हवी. क्रीम रंगाच्या भिंतीवर सगळी माणसे कावीळ झाल्यासारखी दिसतात.

दुसरे, अंतर. शंभर इंची चित्र सुमारे सव्वासात फूट रुंद असते. त्यासाठी अकरा ते तेरा फुटांवर बसणे सोयीचे पडते. यंत्र सुरू करून वीसेक मिनिटे तापू द्यावे आणि मग फोकस लावावा. फोकस माणसांच्या चेहऱ्यावर लावू नये, अक्षरांवर लावावा, आणि मधली अक्षरे स्पष्ट झाली की कोपऱ्यातलीही पाहावीत.

तिसरे, पिक्चर मोड. कंपन्या टीव्ही-प्रोजेक्टर पाठवतात ते दुकानात उठून दिसावेत म्हणून. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' नावाचा भडक मोड हा दुकानाच्या झगमगाटासाठी असतो. घरी 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड निवडावा. पहिले दोन दिवस चित्र जरा पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना सवय झाली की तेच बरे वाटू लागते. सिनेमागृहाच्या पडद्याचा ठरलेला उजेड दर चौरस मीटरला सुमारे ४८ कँडेला एवढाच असतो. घरचा टीव्ही त्याच्या कितीतरी पट उजेड टाकतो, म्हणून रात्री जास्त उजेडाची गरज नसते.

चौथे, ब्राइटनेस. हे नाव मोठे फसवे आहे. या बटणाचा खरा संबंध चित्रातल्या काळ्या भागाशी आहे. रात्रीचा एखादा प्रसंग लावून थांबवा. काळ्या केसांतल्या बटा, काळ्या कोटाच्या घड्या पाहा. त्या दिसत नसतील तर ब्राइटनेस वाढवा. काळा कोट राखाडी दिसू लागला तर कमी करा. मधे जिथे घडीही दिसते आणि काळाही काळा राहतो, तिथे थांबा.

पाचवे, कॉन्ट्रास्ट. याचा संबंध पांढऱ्याशी. पांढरे धोतर, नेहरू शर्ट किंवा आकाशातले ढग असलेला प्रसंग घ्या. धोतराच्या निऱ्या नाहीशा होऊन नुसता पांढरा ठिपका उरत असेल तर कॉन्ट्रास्ट कमी करा. हे झाले की ब्राइटनेस पुन्हा एकदा तपासा, कारण एक हलवले की दुसरे थोडे सरकते.

सहावे, रंग. येथे एक युक्ती सांगतो. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'सारखा एखादा जुना कृष्णधवल चित्रपट लावा. त्यात रंग नाहीतच. तरी चित्र निळसर दिसत असेल तर 'कलर टेंपरेचर' थंडकडून उबदारकडे, म्हणजे 'कूल'वरून 'वॉर्म'कडे न्या. प्रमाण मानलेला पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास असतो आणि बहुतेक यंत्रांत तो 'वॉर्म'च्या जवळ सापडतो. पांढरा पांढरा झाला की मग रंगीत कार्यक्रम लावून माणसांच्या चेहऱ्यावरून 'कलर'चे प्रमाण ठरवा. चेहरे उन्हात भाजल्यासारखे तांबडे नकोत आणि आजाऱ्यासारखे पांढरेही नकोत.

सातवे, शार्पनेस. याने चित्र स्पष्ट होत नाही. यंत्र कडांना खोट्या रेघा ओढते, एवढेच. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल तर ती जाईपर्यंत शार्पनेस कमी करा.

हे सगळे आकडे कागदावर लिहून ठेवा. आणि हे काम घरातल्या दोघा-तिघांनी मिळून करावे. त्याला वैद्यकीय कारण आहे. काही पुरुषांना जन्मतःच तांबड्या-हिरव्यातला फरक कमी कळतो. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि स्त्रियांत क्वचितच दिसतो. अशा मुलाला स्वतःलाही त्याची कल्पना नसते. त्याने एकट्याने रंग लावले तर बाकीचे घर म्हणते, ही माणसे हिरवी का दिसतात! असे वारंवार घडले तर मुलाला रागावू नका, रंगदृष्टी तपासून घ्या. ठिपक्यांच्या आकड्यांची ती चाचणी १९१७ सालापासून जगभर वापरात आहे आणि पाच मिनिटांत होते. रेल्वेत ड्रायव्हर किंवा सैन्यात वैमानिक व्हायची स्वप्ने पाहण्याआधी ती झालेली बरी.

एकच चित्र, दोन पिढ्या

आता यंत्र नीट लागले. तरीही आजोबा म्हणतात मंद, नातू म्हणतो लख्ख. खोटे कोण बोलतो? कोणीच नाही.

माणसाचा डोळा हाही एक यंत्रच आहे. पुढे बाहुली, मागे भिंग आणि सर्वांत मागे पडदा. वय वाढते तशी बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग हळूहळू पिवळट होत जाते. विशीतल्या तरुणाच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोहोचतो. शिवाय पिवळे भिंग निळा रंग अडवते. म्हणून वडीलधाऱ्यांना थोडा जास्त उजेड लागणे हे आजाराचे लक्षण नव्हे. दोघांचा सुवर्णमध्य काढावा आणि आजोबांची खुर्ची दोन फूट पुढे घ्यावी. पुढे बसल्याने डोळे बिघडतात हा समज चुकीचा आहे.

हेच भिंग गढूळ होऊ लागले की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. मोतीबिंदूत काय होते ते प्रोजेक्टरवाल्या घराला चटकन कळेल. गढूळ भिंग उजेड नुसता अडवत नाही, तो डोळ्याच्या आत सगळीकडे पसरवते. म्हणजे सिनेमा चालू असताना कोणी खोलीतली ट्यूब लावावी तसे. काळ्याचा राखाडी होतो, चित्र धुऊन निघते. अशा वेळी ब्राइटनेस वाढवून उपयोग नाही. उजेड वाढला की पसरणारा उजेडही वाढतो आणि चित्र आणखी फिके पडते. जो माणूस रिमोटवर ब्राइटनेस वाढवत सुटतो आणि तरी समाधानी होत नाही, त्याने हे ध्यानात घ्यावे.

मोतीबिंदू इतक्या सावकाश वाढतो की रंग बदलले हे रोग्याला कळतही नाही. फ्रान्सचा जगप्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा त्याची चित्रे तांबूस-तपकिरी होत गेली. रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून तो रंग घेऊ लागला. १९२३ साली त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुन्हा निळे रंग दिसू लागल्यावर तो चक्रावून गेला. आमच्या येथील एक आजीबाई शस्त्रक्रियेनंतर घरी आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "भिंतीला निळा रंग कधी दिलास गं?" भिंत चार वर्षांपासून निळीच होती.

आपल्या मराठी चित्रपटसृष्टीतलेही एक उदाहरण आहे. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटात बैलाशी झुंजीचा प्रसंग करताना व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ पट्ट्या बांधून अंधारात राहावे लागले. त्या अंधारातच त्यांच्या मनात रंग नाचू लागले आणि त्यातून १९५९ सालचा 'नवरंग' जन्मला. दृष्टीची किंमत ती झाकली गेल्यावर कळते. आपण तोपर्यंत थांबू नये.

ओल आलेली भिंत

डोळ्यातले दोष घरच्या प्रोजेक्टरवरून असे समजून घ्या.

फोकस हलला तर सगळेच चित्र पुसट होते, पण काच फिरवली की लख्ख होते. हा झाला चष्म्याचा नंबर. भिंगावर धुरळा बसला तर चित्र फिके आणि धुरकट होते. हा मोतीबिंदू. पण समजा, भिंतीलाच ओल आली आणि मधोमध पोपडे धरले, तर? चित्र त्या जागी वाकडेतिकडे आणि डागाळलेले दिसेल. प्रोजेक्टर कितीही महागाचा आणा, कितीही बटणे दाबा, भिंत सुकल्याशिवाय चित्र सुधारणार नाही. मधुमेहात नेमके हेच होते. वाढलेली साखर डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर करते. त्या पाझरू लागतात आणि पडद्याच्या मध्यभागी सूज येते. सरळ रेघा वाकड्या दिसतात, मधली अक्षरे गळतात.

यातली घातक गोष्ट अशी की हे दुखत नाही. दुसरी गोष्ट, एका डोळ्याचे काम दुसरा झाकून नेतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून माणूस पेपर वाचतो, मोटारसायकल चालवतो, सिनेमा पाहतो, आणि त्याला वाटते फक्त मशीनच जरा बिघडले आहे. म्हणून चाळीशीनंतर प्रत्येकाने, आणि मधुमेह्याने तर हमखास, महिन्यातून एकदा ही चाचणी करावी. कालनिर्णयाचे नवे पान उलटाल त्या दिवशी जवळचा चष्मा लावा, पान फूटभर अंतरावर धरा, एकेक डोळा आळीपाळीने झाका आणि मधल्या एका तारखेवर नजर स्थिर ठेवा. चौकटींच्या रेघा सरळ दिसतात का? एखादी चौकट पुसली गेली आहे का? रविवारचा तांबडा रंग दोन्ही डोळ्यांनी सारखाच तांबडा दिसतो का? उत्तर वेगळे आले तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ही चाचणी तपासणीची जागा घेत नाही. मधुमेहाचे निदान होईल त्या वर्षी, आणि पुढे दरवर्षी एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घेतलाच पाहिजे, मग नजर कितीही चांगली असो. जेव्हा काहीच जाणवत नाही तेव्हा केलेला उपचार सर्वांत फळतो. आणखी एक, साखर वर-खाली होत असताना भिंगाला सूज येते आणि नंबर बदलतो. अशा वेळी काढलेला चष्मा महिन्याभरात कुचकामी ठरतो. आधी साखर ताळ्यावर आणावी, मग नंबर काढावा.

डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे होणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे, किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत येणे ही पडदा सुटल्याची लक्षणे असू शकतात. त्यात उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठावे.

अंधारातली डोकेदुखी

आता एक जुनी गोष्ट सांगतो. सांगताना आजही संकोच वाटतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका रात्री साडेअकराला मला उठवायला आले. साठीकडे झुकलेल्या एका बाई घरात दिवे मालवून लेकी-नातवंडांबरोबर सिनेमा पाहत बसल्या होत्या. एकाएकी अर्धे डोके फुटल्यासारखे दुखू लागले, दोनदा उलटी झाली. जेवणात श्रीखंड होते. मी पित्त धरले, इंजेक्शन दिले, झोपा म्हणून सांगितले. सकाळी पाहतो तर त्यांचा उजवा डोळा लालभडक, बुबुळ धुरकट. तातडीने साताऱ्याला पाठवले. पण रात्र गेलेली होती. त्या डोळ्याची बरीचशी दृष्टी परत आली नाही.

ते पित्त नव्हते, काचबिंदूचा तीव्र झटका होता. काही लोकांच्या, विशेषतः चाळिशीपुढच्या आणि दूरचा अधिक नंबर असलेल्या स्त्रियांच्या डोळ्यातला पाणी वाहून जाण्याचा मार्ग जन्मतःच अरुंद असतो. अंधारात बाहुली मोठी होते आणि तो मार्ग बंद पडतो. डोळ्यातला दाब काही तासांत भयंकर वाढतो. डोके दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये दिसतात, डोळा लाल होतो. उलट्यांमुळे सगळ्यांचे लक्ष पोटाकडे जाते. त्या दिवसापासून डोके दुखते आणि उलटी झाली म्हणणाऱ्या प्रत्येक पेशंटचे डोळे मी बॅटरीच्या उजेडात पाहतो. आपणही पाहा. डोळा लाल आणि नजर धुरकट असेल तर रात्र असो की पहाट, थांबू नका. अंधारात बसल्यावर डोके दुखून आपोआप थांबते, असे दोन-तीनदा झाले असेल तरी तपासून घ्या. लेसरने काही मिनिटांत त्या मार्गाला वाट करून देता येते आणि पुढचा झटका टळतो.

मुलांविषयी दोन शब्द

पडद्यामुळे डोळे फुटतात, अशी भीती घालण्याची गरज नाही. पडदा पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. मधूनमधून उठावे, दूर पाहावे. निळा प्रकाश अडवणारे म्हणून विकले जाणारे महाग चष्मे डोळ्यांवरचा ताण कमी करत असल्याचे २०२३ सालच्या कोक्रेन आढाव्यात दिसले नाही. ते पैसे वाचवावेत.

मूल पडद्याला चिकटून बसत असेल तर त्याला मागे ओढण्याआधी त्याला दूरचे दिसते का ते पाहा. जवळ बसल्याने नंबर आला असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा नंबर आहे म्हणून ते जवळ बसलेले असते. आणि नंबर येऊ नये, यासाठी आजवर सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोज दोनेक तास उघड्यावर खेळणे.

प्रोजेक्टर सुरू असताना लहान मुलांना त्याच्या भिंगात डोकावू देऊ नका. नव्या प्रोजेक्टरचा झोत फार प्रखर असतो. यंत्र उंचावर, मुलाच्या तोंडापुढे येणार नाही असे ठेवावे. ज्या मुलाला कधी फिट आली असेल त्याने लुकलुकणारी दृश्ये टाळावीत. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन' या कार्टूनमधल्या तांबड्या-निळ्या लुकलुकाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावे लागले होते.

आबांचे पुढे काय झाले

साताऱ्याच्या नेत्रतज्ज्ञांनी तपासले. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाची सूज, उजव्यात मोतीबिंदूची सुरुवात. डाव्या डोळ्यात महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शने झाली. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर आबा हादरले होते. प्रत्यक्षात बधिर करून देतात आणि पाच मिनिटांत होते. सूज बरीच उतरली. चौकटी पुन्हा सरळ झाल्या, मात्र मधल्या तारखा अजून थोड्या फिकट दिसतात. सहा महिने आधी आले असते तर कदाचित तेवढेही राहिले नसते.

यात चूक एकट्या आबांची नाही. अकरा वर्षांत "डोळे तपासून घ्या" असे मी त्यांना दोनदा सांगितल्याचे आठवते. ते गेले नाहीत, आणि मी तिसऱ्यांदा विचारले नाही. दर महिन्याला समोर बसणाऱ्या माणसाला मी साखर किती, एवढेच विचारत राहिलो. आता माझ्याकडच्या प्रत्येक मधुमेही पेशंटच्या कार्डावर डोळे तपासल्याची तारीख लिहायला एक रकाना केला आहे. तो रिकामा असेल तर गोळ्या लिहून देण्याआधी मी विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही आठवण करून द्या. त्यात त्यांना राग येण्याचे कारण नाही. आणि पैशांची अडचण असेल त्यांनी लक्षात ठेवावे, की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत होते.

आबांच्या घरचा तंटा मिटला आहे. नातवाने यंत्राचे आकडे कागदावर लिहून रिमोटच्या मागे चिकटवले आहेत आणि आबा त्याला हात लावत नाहीत. परवा गोळ्या न्यायला आले तेव्हा मी विचारले, "काय आबा, मशीन कसं आहे?"

"मशीन बरं हाय," आबा म्हणाले. "महिन्याच्या एक तारखेला कालनिर्णय बगतो. म्हातारीलाबी बगाय लावलंय. तिला डाव्या डोळ्यानं वाईच धुरकट दिसतंय म्हणती. उद्या घेऊन येऊ का?"

आज रात्री सिनेमा लावण्याआधी एवढे करा. घरातल्या प्रत्येकाला एक डोळा झाकून भिंतीकडे पाहायला सांगा, मग दुसरा. चित्र सगळ्यांना पुसट दिसले तर मेकॅनिकला बोलवा. एकालाच पुसट दिसले, तर त्या एकाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.